बारा तारांवर किपलिंग



गेल्या काही भागांत आपण हाजीपीर पाहिली, लोंगेवाला पाहिलं, त्याआधी नकाशावर बोट ठेवून पालखेडची मोहीम केली. आज नकाशा नाही. आज एक गाणारी बाई आहे. ती अमेरिकन, बारा तारांची गिटार वाजवणारी, अंतराळयानांवर गाणी रचणारी. देव मानणारी, पण ते चर्चमधले नव्हेत. आणि राजकारणाने ती अराज्यवादी, म्हणजे सरकार आणि फौज या दोन्ही गोष्टींवर विश्वास नसलेली. नाव लेस्ली फिश. माझ्यासारख्या पेन्शनर सॅपरने तिच्यावर बोलावं म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

झालं असं, की ‘तलवार आणि पोलाद’ या भागाची तयारी चालली होती. लोखंडाविषयीच्या जुन्या समजुती गोळा करत होतो. बाळंतिणीच्या उशाखाली आपल्याकडे विळा किंवा सुरी ठेवतात ना, तशी समजूत इंग्लंडातही आहे. लोखंड जवळ असलं की पऱ्या, यक्ष, जखिणी यांचं काही चालत नाही. रुडयार्ड किपलिंगने या समजुतीवर एक गोष्ट आणि एक कविता लिहिली, ‘कोल्ड आयर्न’. १९१० च्या ‘रिवॉर्ड्स अँड फेअरीज’ या पुस्तकात ती आहे. ती शोधताना कविता वाचायला मिळण्याऐवजी ऐकायला मिळाली. एक बाई ती गात होती, आणि अशी गात होती, की चहाचा कप हातात तसाच राहिला. आवाज गोड नव्हता. बराकीतल्या माणसाचा असतो तसा खडा, पुढे रेटणारा आवाज. गिटार तर ढोलकीसारखी बडवत होती. १९८३ सालची कॅसेट, नावही तेच, ‘कोल्ड आयर्न’.

किपलिंगशी माझं जुनं भांडण आहे. माणूस जन्माने मुंबईकर. १८६५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला, वडील तिथे शिकवत. सहाव्या वर्षाच्या आत विलायतेला धाडला गेला, सोळा-सतराचा होऊन परत आला तो लाहोरला, ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये नोकरीला. तिथे मियाँमीरच्या छावणीत गोऱ्या शिपायांत उठला-बसला, त्यांची बोली उचलली आणि पुढे ‘बॅरक-रूम बॅलड्स’ लिहून नाव मिळवलं. मी तरुण लेफ्टनंट असताना मेसमध्ये आमचे एक वरिष्ठ दोन पेग झाले की त्याची ‘सॅपर्स’ ही कविता म्हणत. सृष्टी निर्माण झाल्यापासूनची सगळी कामं इंजिनिअरांनीच केली, अशी त्यात फुशारकी आहे. आम्हाला ती आवडायची, का नाही आवडणार! पण याच किपलिंगने जालियनवाला बागेनंतर डायरसाठी जो फंड उघडला गेला त्यात दहा पौंड घातले. हे मला कळलं त्या दिवसापासून ती कविता मी म्हटलेली नाही. या मालिकेत एकदा मी त्याला साम्राज्याचा भाट म्हटलं होतं. तो शब्द मी मागे घेत नाही.

आता प्रश्न असा पडला, की साम्राज्याच्या या भाटाला एक अराज्यवादी बाई का गाते? आणि ती देखील एक-दोन नव्हे, त्याच्या कितीतरी कवितांना चाली लावून? उत्तर शोधायला गेलो आणि एका अख्ख्या अज्ञात परंपरेत जाऊन पडलो. आजचा भाग त्या परंपरेचा.

तिचं नावच मुळी छपाईच्या चुकीतून आलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विज्ञानकथांचे वेडे लोक होते. आज ज्यांना गीक म्हणतात, ते. हा शब्द पूर्वी शिवी होती बरं का. जत्रेत जिवंत कोंबडीचं मुंडकं दाताने तोडून दाखवणारा तो गीक. पुढे तो पुस्तकी, तांत्रिक गोष्टींत बुडालेल्या, चारचौघांत अवघडणाऱ्या माणसाला लागला आणि आता तर लोक तो मिरवतात. तर हे वेडे आपापली हस्तलिखितासारखी मासिकं काढून टपालाने एकमेकांना पाठवत. ली जेकब्स नावाच्या एकाने अमेरिकन लोकसंगीतावर विज्ञानकथेचा प्रभाव, अशा मथळ्याचा एक थट्टेचा लेख लिहिला आणि टंकताना ‘फोक’चं ‘फिल्क’ झालं. लेख इतका चावट होता की संपादकाने तो छापला नाही, टपाल खात्याचे अश्लीलतेचे कायदे कडक होते. लेख गेला, शब्द राहिला. १९५३ मध्ये कॅरन अँडरसन या बाईंनी एका रचनेला फिल्क गीत म्हणून छापलं आणि संमेलनांत रात्री हॉटेलच्या खोल्यांत जमून गाणाऱ्यांना नाव मिळालं.

ही गाणी बऱ्याचदा ओळखीच्या चालीवर नवे शब्द अशी असतात. आपल्याला यात नवल नाही. जुन्या नाट्यगीतांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचं नाव छापलेलं असे. अमेरिकेत ही युक्ती कामगार चळवळीने पाजळली होती. शिकागोत १९०५ साली स्थापन झालेली ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संघटना १९०९ पासून खिशात मावेल असं लाल गाण्यांचं पुस्तक छापत असे. रस्त्यात सभा चालू असताना साल्व्हेशन आर्मीचा बँड भजनं वाजवून आवाज बुडवायचा. मग कामगारांनी त्याच भजनांच्या चालीवर आपले शब्द बसवले, बँड त्यांचा आणि गाणं आपलं! शत्रूची तोफ त्याच्यावरच फिरवणं म्हणतात ते हे. या संघटनेचा कवी जो हिल, त्याला १९१५ मध्ये यूटा राज्यात खुनाच्या आरोपावरून गोळ्या घालून मारलं. तो खटला नीट चालला नाही असं आजही पुष्कळ लोक मानतात.

लेस्ली फिश या लाल पुस्तकवाल्यांच्या संघटनेतली. शिकागोत ‘डीहॉर्न क्रू’ नावाचा त्यांचा वाद्यवृंद होता, त्यात ती वाजवायची. त्याच मंडळींना घेऊन तिने १९७६ साली फिल्क गाण्यांची तबकडी काढली. या प्रकारातली बाजारात आलेली ती पहिली तबकडी मानतात. नावाचा अर्थ साधारण असा, की जे लोक अजून झालेच नाहीत त्यांची लोकगीतं. मला हे नाव फार आवडलं. लोकगीत म्हणजे मागच्यांचं, अशी आपली समजूत. ही म्हणते, पुढच्यांचं.

दुसऱ्या वर्षी ‘सोलर सेलर्स’ आली आणि तिच्यात ‘बॅन्ड फ्रॉम आर्गो’ हे गाणं. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनमुळे तुमच्यातल्याही काहींनी पाहिली असेल. त्यातल्या यानाचे लोक एका ग्रहावर सुट्टीला उतरतात आणि असा धुडगूस घालतात, की त्यांना त्या ग्रहावर कायमची बंदी होते. गाण्यात नाव कुणाचंच नाही, फक्त हुद्दे. कॅप्टनने काय केलं, डॉक्टरने काय केलं. ज्याने कधी महिनाभर सरहद्दीवर राहून दोन दिवसांसाठी जवळच्या शहरात कंपनी नेली आहे, त्याला हे गाणं कळायला ‘स्टार ट्रेक’ची गरज नाही. मी एकटाच मोठ्याने हसलो. या गाण्यावर लोकांनी इतकी विडंबनं रचली, की मूळ कवयित्रीच त्याला कंटाळली असं सांगतात.

आता दुसरा धागा, देवांचा. तिथे थोडं थांबावं लागेल, कारण ‘पेगन’ या शब्दाबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. ख्रिस्तपूर्व युरोपातले देव, ऋतूंचे सण, झाडं, चंद्र यांची उपासना नव्याने करणारे लोक स्वतःला पेगन म्हणवतात. शब्द लॅटिन, पेगानस, म्हणजे खेडवळ. पण रोमन फौजेत त्याचा आणखी एक अर्थ होता : जो शिपाई नाही तो. आपण छावणीत ‘सिव्हिलियन’ म्हणतो ना, थोडं नाक वर करून, अगदी तसं. एक मत असं आहे, की सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतःला प्रभूचे शिपाई म्हणवत, म्हणून बाकी सगळे पेगानस. म्हणजे एका धर्माला नाव मिळालं ते बराकीतल्या बोलीतून.

आणि गंमत पाहा, रोमन शिपायांचा स्वतःचा आवडता देव होता मिथ्रास. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणाऱ्यांनी त्याची तळघरासारखी देवळं बांधली. कॅरॉबर्गचं देऊळ १९५० मध्ये उत्खननात मोकळं झालं. नाव आपल्या ऋग्वेदातल्या मित्राचं. देवही तोच की वाटेत बदलला, यावर विद्वान अजून भांडतात. आपण त्यात पडू नये. किपलिंगने ‘पक ऑफ पूक्स हिल’ या १९०६ च्या पुस्तकात त्या भिंतीवरच्या शिपायांसाठी मिथ्रासचं स्तोत्र लिहिलं. त्याच पुस्तकात ओक, अ‍ॅश आणि थॉर्न या तीन झाडांचं गाणं आहे. पुढे १९५० च्या आसपास जेराल्ड गार्डनर या निवृत्त इंग्रजाने चेटकिणींचा जुना धर्म अजून जिवंत आहे असं जाहीर केलं. हा गृहस्थ सिलोन, बोर्निओ, मलायात मळ्यांवर आणि मग कस्टम्स खात्यात नोकरी करून गेलेला, म्हणजे साम्राज्याचाच माणूस. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच्या वसंतोत्सवाच्या विधीत जो मंत्र होता, तो किपलिंगच्या त्या झाडांच्या गाण्यातलाच, चार शब्द फिरवून घेतलेला! डोरीन व्हॅलिएंट या त्याच्या सहकारी बाईंना ही उचल लक्षात आली.

म्हणजे बघा, साम्राज्याच्या भाटाची लेखणी नकळत एका नव्या धर्माची पोथी लिहून गेली होती. आता लेस्ली फिश किपलिंग का गाते याचं निम्मं उत्तर मिळालं. उरलेलं निम्मं मी माझ्या परीने देतो. किपलिंग ज्या शिपायांविषयी लिहितो ते हुकूम देणारे नाहीत, हुकूम झेलणारे आहेत. त्यांना पगार कमी, रस्त्यात लोक तोंड फिरवतात, आणि लढाई आली की तेच लोक टाळ्या वाजवतात. कामगारांच्या लाल पुस्तकातला माणूस आणि हा शिपाई यांत फार अंतर नाही. किपलिंग स्वतः कविता रचताना भजनांच्या, नाटकशाळेतल्या चाली गुणगुणत असे. तेव्हा गाणं त्यात आधीपासून होतंच, हिने ते बाहेर काढलं. आणि ‘कोल्ड आयर्न’ तर शेवटी ख्रिस्ती कविता आहे. तलवारीच्या बळावर राजाशी बंड करणारा सरदार हरतो, आणि त्याला दाखवलं जातं की खरं जिंकणारं लोखंड कुठलं, तर क्रुसावरच्या खिळ्यांचं. चर्च न मानणारी बाई ते कडवं गाळत नाही. पूर्ण ताकदीने गाते. मी डायरमुळे एक कविता सोडली, तिने असं काही सोडलं नाही. कोण बरोबर, हे मी अजून ठरवलेलं नाही.

गीक आणि पेगन ही जोडी आपल्याला विचित्र वाटते. संगणकवाला आणि चंद्रपूजक एका ताटात कसे? पण इतिहास तसाच आहे. रॉबर्ट हाइनलाइन हा अमेरिकेच्या नौदलातला अधिकारी, १९३४ मध्ये क्षयामुळे निवृत्त झाला आणि विज्ञानकथा लिहू लागला. १९६१ च्या त्याच्या एका कादंबरीत मंगळावर वाढलेला माणूस पृथ्वीवर येऊन एक पंथ काढतो. मिसूरी राज्यातल्या कॉलेजात ती वाचून दोन पोरांनी १९६२ मध्ये खरोखरच तो पंथ काढला, ‘चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स’. १९६८ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. कादंबरीतून धर्म! हसू येतं खरं, पण आपली किती व्रतं कुठल्या पोथीतल्या गोष्टीतून निघाली हे मोजायला बसलो तर आपलंही हसू आवरतं घ्यावं लागेल. १९६६ च्या १ मे रोजी बर्कलीत डायना पॅक्सन या लेखिकेच्या घरामागे काही जणांनी मध्ययुगीन पोशाख करून लुटुपुटूच्या लढाया केल्या, त्यातून मध्ययुग जगून पाहणाऱ्यांची संस्था उभी राहिली. तिथल्या दरबारांना भाट हवेत म्हणून गाणारे आले. ग्विडियन पेंडरवेन हा त्यातला एक. त्याने १९७५ मध्ये जुन्या देवांच्या गाण्यांची तबकडी स्वतःच्या हिमतीवर काढली, झाडं लावण्याची चळवळ सुरू केली आणि १९८२ मध्ये मोटार अपघातात गेला. मार्गो अ‍ॅडलर ही रेडिओ पत्रकार या सगळ्या पंथांत हिंडली. तिच्या १९७९ च्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत तिने नोंदवलं, की या मंडळींत संगणक आणि तंत्रज्ञानात काम करणारे डोळ्यात भरण्याइतके आहेत.

ही परंपरा आजही चालू आहे. आर्कान्सॉची एस. जे. टकर ही पुढच्या पिढीतली. २००४ पासून दुसरी नोकरी न करता गाण्यावरच जगणारी, कॅथरिन व्हॅलेंटे या लेखिकेच्या परीकथांवर अख्खे गीतसंग्रह करणारी. यांच्यामागे रेडिओ नाही, मोठी कंपनी नाही. पूर्वी संमेलनात टेबल मांडून कॅसेट विकायच्या, आता इंटरनेटवरून. आपले शाहीर जत्रेत पोवाड्याच्या चोपड्या विकत, तोच हिशोब.

पण मी तुम्हाला खरं सांगायला आलो ते आणखी दोन गाण्यांविषयी.

पहिलं लेस्ली फिशचंच, १९७५ सालचं ‘होप आयरी’. आयरी म्हणजे गरुडाचं घरटं, आणि गरुड म्हणजे अपोलो ११ चं ‘ईगल’. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आपल्याकडे २१ जुलैची पहाट उजाडायची होती तेव्हा ते चंद्रावर उतरलं, सकाळी रेडिओवर कळलं. ऑक्टोबरात ते तिघे मुंबईला येऊन गेले, त्यांचा पेपरातला फोटो मी वहीत चिकटवला होता. १९७५ उजाडेपर्यंत सगळं थंडावलं होतं. १९७२ च्या डिसेंबरनंतर चंद्रावर कुणी गेलं नव्हतं, पैसा आटला होता. अशा वेळी ही बाई लिहिते, की काळ सगळं खाऊन टाकेल, पण झालेली गोष्ट न झालेली करणं त्यालाही जमणार नाही. संथ गाणं आहे, प्रार्थनेसारखं. या लोकांत ते जवळजवळ राष्ट्रगीतासारखं मानलं जातं.

दुसरं ‘फायर इन द स्काय’. ते जॉर्डिन केअर या शास्त्रज्ञाचं. लेझर हा त्याचा विषय, लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, फिल्क गाण्यांच्या कॅसेट काढणाऱ्या पहिल्या प्रकाशनसंस्थेच्या संस्थापकांत तो होता. १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ हे अवकाशयान पहिल्यांदा उडालं, त्या भरात हे गाणं झालं. सुरुवात प्रॉमिथियसपासून, ज्याने देवांकडून आग आणून माणसाला दिली. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ उडताना फुटलं तेव्हा त्यात एक कडवं जोडलं गेलं, आणलेल्या आगीची किंमत पुन्हा पुन्हा द्यावी लागते अशा अर्थाचं.

आणि मग १ फेब्रुवारी २००३. संध्याकाळचे साडेसात होत आले होते. आमची रेजिमेंट राजस्थानच्या सरहद्दीवर होती. ऑपरेशन पराक्रम ऑक्टोबरात संपलं होतं, फौजा परतल्या होत्या, पण सॅपर परतत नसतो. लढाई होईल म्हणून हजारो एकरांत जे सुरुंग पेरले होते ते एक एक करून काढायचे होते. तंबूतल्या टीव्हीवर आकाशात पांढरे ओरखडे दिसत होते. तीच ‘कोलंबिया’. आमच्या वर्कशॉपमधला ई.एम.ई.चा एक हवालदार कर्नाल जिल्ह्यातला. कल्पना चावला त्याच्या शहरातली. तो उभाच राहिला. बसला नाही, बोलला नाही, तासभर तसाच. अमेरिकेत त्या घटनेनंतर चंद्रावर चालून आलेल्या बझ ऑल्ड्रिनला टीव्हीवर बोलावलं, तेव्हा तो काही बोलण्याऐवजी या गाण्यातलं ते कडवं वाचू लागला आणि गळा दाटून आल्याने पूर्ण करू शकला नाही. हे मला परवा कळलं, वीस वर्षांनी. फौजी माणूस, कोरियात मिग पाडलेला वैमानिक, त्याला त्या क्षणी भाषण आठवलं नाही. हॉटेलच्या खोल्यांत जमणाऱ्या वेड्यांचं गाणं आठवलं.

त्याच्या तीन आठवडे आधी आमचा एक नाईक गेला होता. मराठा, तिशीच्या आतला. युनिटचं आणि गावाचं नाव मी सांगत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. सुरुंग पेरताना प्रत्येकाची नोंद नकाशावर करतात. आमचा एम-१४ हा छोटा सुरुंग प्लास्टिकचा, धातू त्यात नावाला. आंतरराष्ट्रीय करारामुळे डिटेक्टरला ऐकू जावा म्हणून त्यात लोखंडाचा जेमतेम आठ ग्रॅमचा तुकडा बसवावा लागला. त्या आठ ग्रॅमवर माणसाचा जीव. पण वाळू नोंद मानत नाही. वारा टेकडी इकडची तिकडे करतो, सुरुंग सरकतो, वर दोन फूट थर चढतो, लोखंड असूनही डिटेक्टर गप्प राहतो. ‘कोल्ड आयर्न’ ऐकताना चहा का थंड झाला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

युद्ध झालंच नाही, त्या युद्धात तो गेला. विजयाचा पोवाडा होतो, बलिदानाचा होतो. जी लढाई झाली नाही तिचा कोण करणार? त्याच्या गावी मी गेलो होतो. त्याच्या वडिलांनी विचारलं, “साहेब, कुठली लढाई म्हणायची ही?” मी कर्नल होतो, उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. नव्हतं.

फिल्कवाल्यांची एक रीत आहे. गोल बसायचं, पाळी फिरत येईल तशी तीनपैकी एक गोष्ट करायची : स्वतः गायचं, दुसऱ्याला फर्माईश करायची, नाहीतर पाळी पुढे सोडून द्यायची. चांगला-वाईट आवाज कुणी पाहत नाही. मी हे वाचलं आणि मला आमचा बडाखाना आठवला. आमच्याकडे मराठे, शीख, मुसलमान एकाच रेजिमेंटमध्ये. जेवणं झाली की शेकोटीभोवती पाळी फिरायची. कुणी टप्पे म्हणायचा, कुणी कव्वाली, कुणी गवळण. या नाईकाचं एक ठरलेलं गाणं होतं. ‘या चालीवर’ म्हणून तो आधी एका जुन्या लावणीचं नाव सांगायचा आणि मग स्वतःचे शब्द. त्यात लंगरमधली डाळ होती, सीओसाहेबांचा, म्हणजे माझा, कुत्रा होता, रजा मंजूर न करणारा क्लार्क होता, वाळू होती. फिल्क हा शब्द ना त्याला माहीत होता ना मला.

मार्चमध्ये आमचं काम संपत आलं तेव्हा बडाखाना झाला. पाळी फिरत त्याच्या जागेपाशी आली. कुणी पुढे सोडली नाही. त्याच्या सेक्शनचा हवालदार उभा राहिला, चाल सांगितली आणि त्याने ते गाणं म्हटलं. नंतर मी त्याला तंबूत बोलावून शब्द लिहून घेतले. चार कडवी माझ्या वहीत आहेत. पाचवं सुरुंगाच्या टेपवर आणि आमच्या सुभेदारसाहेबांवर होतं, ते त्यालाही धड आठवेना, दोन ओळींच्या पुढे गाडी जाईना. हा भाग पाहणाऱ्यांत त्या वेळी आमच्याबरोबर वाळूत असलेलं कुणी असेल, आणि ते पाचवं कडवं आठवत असेल, तर मला पाठवा. चाल मला पाठ आहे.